गाडीचा ब्रीदर पाइप घरी बनवायचा असेल तर: मटेरियल, माप, वळण आणि टेस्टिंग

कंपनी गेली पण गाडी अजून धडधाकट चालतेय असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मधे इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, रांजणगावला बनणाऱ्या फियाटच्या पुंटो आणि लिनियाही आता शोरूममधे मिळत नाहीत. या गाड्यांचे ब्रेक पॅड, फिल्टर, बेल्ट अजून सहज मिळतात कारण ते सारखे खपतात. पण ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनाच्या पोटातला गॅस परत इनटेककडे नेणारा रबरी पाइप, विचारला की काउंटरवरचा माणूस आधी तुमच्याकडे आणि मग छताकडे बघतो, आणि मिळालाच तर तो गोडाऊनमधे वर्षानुवर्षं पडून कडक झालेला असतो. असा पाइप घरी नीट बनवता येतो. मशीन लागत नाही, वेल्डिंग लागत नाही, एक रविवार आणि थोडी चिकाटी लागते. मात्र दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवूनच सुरुवात करा. एक, पाइपचं मटेरियल त्याच्या आतून काय जाणार आहे ते बघून निवडायचं, दिसायला कसा आहे यावरून नाही. दोन, सरळ रबरी पाइपला जबरदस्तीने वळवायचं नाही, वळण दुसऱ्या कशाने तरी द्यायचं. बाकीचं सगळं या दोन्हीच्या पोटात येतं.

खाली जे लिहिलंय ते बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीसाठी आहे. टर्बो आणि डिझेलबद्दल शेवटी थोडं आहे.

हा पाइप करतो काय

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. आपले मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नव्या इंजिनातही ते असतं, जुन्यात जास्त असतं, इतकंच. या गॅसमधे न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि ऑइलचे बारीक कण असतात. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर आत प्रेशर वाढतं, आणि मग ऑइल सील, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, डिपस्टिक, जिथून जमेल तिथून ऑइल बाहेर येतं. फार पूर्वी गाड्यांना खाली रस्त्याकडे उघडी नळी असायची आणि हा सगळा धूर हवेत जायचा. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा गॅस परत इंजिनात ओढून जाळायची पद्धत सक्तीची झाली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. आपल्या बीएस (भारत स्टेज) प्रदूषण नॉर्म्समधेही क्रँककेसचा गॅस बाहेर सोडायला परवानगी नाही. म्हणून पाइप फाटला की तो काढून टाका आणि टोकाला छोटा फिल्टर लावा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. केबिनमधे पेट्रोल-ऑइलचा वास येतो, इंजिन बे तेलकट होतो, आणि ते करणं चूकच आहे.

बहुतेक इंजिनांत दोन पाइप असतात. मोठा पाइप टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टर बॉक्सकडे किंवा थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) आधीच्या डक्टकडे जातो. लहान पाइप टॅपेट कव्हरवरून किंवा ब्लॉकवरून थेट इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडे जातो. त्याच्यात पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे किती गॅस ओढला जाईल ते ठरवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, किंवा मग नुसतं बारीक छिद्र. हे दोन पाइप एकाच कुटुंबातले असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. मोठ्यावर प्रेशर जवळजवळ नसतं, त्यातून ऑइलची वाफ जाते. लहान्यावर आयडलिंगला जोरदार व्हॅक्यूम असतो, साधारण ०.६ ते ०.७ बार, एवढ्याने पातळ भिंतीचा पाइप चपटा होऊन बंद होतो. त्यामुळे तुम्ही कुठला पाइप बनवताय हे आधी ठरवा, एकच मटेरियल आणून दोन्हीकडे लावायचा विचार करू नका.

जुना पाइप बोलका असतो, तो फेकू नका

काढायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या, कुठली क्लिप कुठल्या दिशेला आहे तेही दिसलं पाहिजे. इंजिन पूर्ण गार असू द्या. जुना पाइप निपलवर, म्हणजे तो ज्या तोटीवर चढवलेला असतो तिच्यावर, चिकटलेला असतो, तो ओढू नका, पिळू नका, कारण खूप गाड्यांत टॅपेट कव्हर प्लॅस्टिकचं असतं आणि निपल त्यालाच मोल्ड केलेला असतो, तो तुटला की काम दहापट वाढलं. कटरने पाइपला लांबीच्या दिशेने हलकी चीर द्या, निपलवर पातं उमटू न देता, आणि मग केळ्याची साल काढतो तसा सोलून काढा. निपलचं उघडं तोंड लगेच स्वच्छ कापडाने झाका.

आता तो पाइप हातात घेऊन नीट बघा. बोटाने दाबल्यावर काळं, शाईसारखं हाताला लागत असेल आणि भिंत फुगून मऊ पडली असेल तर रबराने ऑइल प्यायलंय. उलट कडक होऊन, वाकवल्यावर क्लिपच्या शेजारी आडव्या बारीक भेगा उघडत असतील तर तो उष्णतेने गेलाय. भेगा बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतात, गाडीत असताना दिसतच नाहीत, म्हणून महिनोन् महिने रेस वर-खाली होण्याचं कारण सापडत नाही आणि लोक सेन्सर बदलत बसतात. आतून पिवळट पांढरा चिकट थर दिसला तर ते पाणी आणि ऑइल मिसळून झालेलं आहे. पावसाळ्यात रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हे फार होतं कारण इंजिन पुरेसं तापतच नाही आणि वाफ आतच थंड होते. एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, पण रेडिएटरचं पाणी सारखं कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरही तसाच थर असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या, पाइप नंतर.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या पाइपच्या दोन्ही टोकांतून उजेडाकडे बघा. काही लहान पाइपांत आत एक पितळी किंवा प्लॅस्टिकची बारीक छिद्राची चकती बसवलेली असते, आणि काही जुन्या युरोपियन इंजिनांत तारेची जाळी असते. जुन्या ओपेल कोर्सा-अॅस्ट्रासारख्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्हच नाही, लहान पाइपच्या वाटेतलं ते ठरावीक मापाचं छिद्रच व्हॉल्व्हचं काम करतं. ते फेकून दिलं आणि मोकळा पाइप लावला तर इंजिनात भसाभस हवा घुसते, आयडलिंग बिघडतं आणि ऑइलही ओढलं जातं. जाळी आगीचा भडका मागे जाऊ नये म्हणून असते. दोन्ही पार्ट काढा, कार्ब क्लीनरने धुवा, नव्या पाइपात तसेच त्याच जागी बसवा. छिद्र चोंदलं असेल तर फवारा आणि हवा वापरा, सुई किंवा ड्रिल घालून मोठं करू नका. पीसीव्ही व्हॉल्व्ह असेल तर कानाजवळ हलवून बघा, आत खुळखुळ आवाज यायला हवा. आला नाही तर धुवून परत बघा, तरी नाही तर नवा घ्या, तो स्वस्त असतो आणि बऱ्याच गाड्यांचा एकमेकांना चालतो, फक्त शेजारी ठेवून मिळवून बघा.

मटेरियल

इथे नवीन माणूस हमखास फसतो कारण दुकानात सगळे पाइप काळेच दिसतात. हीटर आणि रेडिएटरचे पाइप ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. पाणी, कूलंट, उष्णता, ऊन, सगळं ते मस्त झेलतं पण मिनरल ऑइल आणि पेट्रोल त्याला अजिबात चालत नाही, फुगतं, मऊ पडतं, क्लिपखालून सटकतं. दिसायला एकदम जाडजूड आणि भरोशाचं, माप पण बरोबर मिळतं, म्हणून गॅरेजमधे सुद्धा हेच लावून देतात. घेऊ नका.

रंगीत सिलिकॉनचे पाइप आजकाल ऑनलाइन खूप दिसतात, निळे-लाल, नव्वद अंशाचे तयार एल्बो पण मिळतात. साधं सिलिकॉन उष्णतेला जबरदस्त आहे, १८० डिग्रीच्या आसपास पण टिकतं, पण ऑइलची वाफ त्यातून झिरपते आणि हळूहळू ते फुगतं. काही महिन्यांनी पाइप बाहेरून ओलसर तेलकट वाटतो आणि त्यावर धूळ बसते. ब्रीदरसाठी घ्यायचंच तर आतून फ्लुओरो अस्तर असलेलं घ्या, वर्णनात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, लिहिलेलं नसेल तर ते अस्तर नाहीये असंच धरा.

साधा, स्वस्त आणि योग्य पर्याय म्हणजे नायट्राइल रबराचा, म्हणजे एनबीआरचा, आत दोऱ्याची वीण असलेला फ्युएल-ऑइल होज. पाइपवर छापलेलं वाचा. एसएई जे-३० आर-६ किंवा आर-७ असं छापलेलं असेल तर तो इंधनासाठीचा पाइप आहे आणि ब्रीदरला चालतो. आर-९ असेल तर आतून फ्लुओरो रबर आहे, अजून चांगला, महागही. नायट्राइल साधारण १०० ते १२० डिग्रीपर्यंत ठीक राहतं, टॅपेट कव्हरच्या बाजूला तेवढं पुरतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी नाही. लहान, व्हॅक्यूमवाल्या पाइपला भिंत किमान ३ एमएम जाड आणि वीणवाली हवी, दोन बोटांत दाबल्यावर सहज चपटी होणारी नको.

कशावर काही छापलेलंच नसेल तर विकत घेऊ नका. घरात आधीच पडलेला तुकडा असेल आणि खात्री करायची असेल तर एक इंचाचे दोन काप करा, एक काप झाकण असलेल्या काचेच्या बाटलीत इंजिन ऑइल आणि थोडं पेट्रोल घालून त्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, बाटली घराबाहेर, उन्हापासून आणि आगीपासून लांब. नंतर दोन्ही काप व्हर्नियरने मोजा. नायट्राइल थोडंच बदललेलं असेल, ईपीडीएम जाड आणि लिबलिबीत झालेलं कळेल. आणि पारदर्शक पीव्हीसी नळी, बागेचा पाइप, गॅस शेगडीचा केशरी पाइप हे कुठल्याही परिस्थितीत नको. पीव्हीसी गरम झाली की लोळागोळा होते आणि गार झाली की काडीसारखी मोडते.

खरेदीला पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअर बाजार, आणि इतर गावांत हायड्रॉलिक-औद्योगिक रबर होजची दुकानं बघा. ही औद्योगिक दुकानं मला जास्त आवडतात कारण तिथे मीटरवर पाइप कापून देतात आणि त्या माणसाला मटेरियल माहीत असतं. त्याला "पाणी नाही, ऑइलची वाफ आणि पेट्रोल" एवढं स्वच्छ सांगा, गाडीचं नाव सांगून उपयोग नाही.

माप

व्हर्नियर लागतोच, प्लॅस्टिकचा साधा पण चालेल, पट्टीने हे काम करू नका. निपलला दोन मापं असतात, टोकाचा फुगीर कडा आणि त्याच्यामागचा सरळ भाग. पाइपचा आतला व्यास सरळ भागाच्या मापाइतका किंवा अर्धा एमएम कमी घ्यायचा, फुगीर कड्याइतका नाही. म्हणजे सरळ भाग १६ आणि कडा १७.५ असेल तर १६ चा पाइप, तो कड्यावरून थोडा ताणून जाईल आणि मागे जाऊन बसेल, तेच तर हवंय. बाजारात ८, १०, १२ किंवा १२.७, १६, १९ एमएम अशी मापं मिळतात, दुकानदार इंचात बोलला तर पाच-सोळांश म्हणजे ८, अर्धा म्हणजे १२.७, पाच-अष्टमांश म्हणजे १६, पाऊण म्हणजे १९. जुन्या पाइपवरून माप घेऊ नका, तो ताणलेला किंवा फुगलेला असतो.

दोन्ही टोकांची मापं वेगळी निघाली, उदाहरणार्थ टॅपेट कव्हरला १६ आणि फिल्टर बॉक्सला १९, तर मोठ्या पाइपला क्लिपने आवळून लहान निपलवर बसवायचा मोह होतो. पाइपला घड्या पडतात आणि त्या घड्यांतून हवा जाते. लेथवाल्याकडे जा, अॅल्युमिनियमच्या दांड्यातून दोन मापांचा जोड तो थोड्या वेळात काढून देतो, कागदावर आकृती काढून चारी मापं लिहून न्या आणि दोन्ही टोकांना बारीक कडा ठेवायला सांगा. आतलं छिद्र मूळ पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा कमी होऊ देऊ नका, कारण सगळा गॅस शेवटी सगळ्यात अरुंद जागेतूनच जाणार आहे.

लांबीसाठी ३-४ एमएमची मऊ अॅल्युमिनियमची तार घ्या. एका निपलपासून दुसऱ्यापर्यंत ती तार तुम्हाला पाइप जिथून न्यायचाय तशीच वळवा, आणि वळवताना घाई करू नका, खरं डिझाइन इथेच होतं. वाट जमेल तितकी एका बाजूने चढती ठेवा म्हणजे आत जमलेलं ऑइल परत इंजिनात उतरेल. मधे झोळ राहिला तर तिथे पाणी आणि ऑइल साचतं, आणि लेह-स्पितीला कडाक्याच्या थंडीत गेलात तर ते गोठून वाट बंद होऊ शकते आणि क्रँककेसचं प्रेशर सील फोडतं. एक्झॉस्टपासून किमान एक वीत अंतर, बेल्ट आणि फॅनपासून लांब, बॉनेट लावल्यावर दाबलं जाणार नाही हे बघा. तारेवर मार्करने वळणांच्या खुणा करा, बाहेर काढून सरळ करून मोजा, प्रत्येक टोकाला निपलवर जाणारे २०-२५ एमएम आणि वर आणखी थोडे धरून कापा. शेवटचं कापणं गाडीत बसवून बघूनच.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि फिल्टर बॉक्स बऱ्याच गाड्यांत बॉडीला बोल्ट केलेला असतो. गाडी न्यूट्रलमधे, हँडब्रेक ओढून, कोणाला तरी आत बसवून रेस द्यायला सांगा आणि तुम्ही लांबून नुसतं बघा, इंजिन किती डोलतं ते कळेल. इंजिनपासून फिल्टर बॉक्सकडे जाणाऱ्या पाइपात तेवढी ढील आणि तेवढं मोकळं रबर हवं. टॅपेट कव्हरपासून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाइपाला ही अडचण नाही कारण दोन्ही टोकं इंजिनवरच आहेत.

वळण

मूळ पाइप साच्यात भाजून त्याच आकाराचा बनवलेला असतो. आपण घेतलेला सरळ आहे, आणि तयार रबर गरम पाण्यात किंवा हीटगनखाली धरून वाकवला तर थंड झाल्यावर तो परत सरळ व्हायला बघतो, तोपर्यंत भिंत मात्र कमजोर झालेली असते. मोठं, ऐसपैस वळण पाइप स्वतःच घेतो. जिथे वाकवल्यावर बाहेरून चपटा दिसायला लागला तिथे थांबायचं. आतून स्प्रिंग घालायचा सल्ला मिळतो, मी तो देणार नाही, कारण स्प्रिंग गंजली आणि तुकडा सुटला तर तो मॅनिफोल्डमार्गे सिलिंडरमधे जाऊ शकतो. बाहेरून स्प्रिंग गुंडाळलीत तर हरकत नाही.

घट्ट वळणाला धातूची नळी वापरा आणि तिच्या दोन्ही बाजूंना रबराचे सरळ तुकडे जोडा. यासाठी एसीवाल्याकडची तांब्याची नळी उत्तम. अर्धा इंची नळी बाहेरून १२.७ एमएम असते, पाच-अष्टमांश इंची १५.९, म्हणजे आपल्या १२ आणि १६ च्या पाइपात बरोबर बसतात. भिंत पातळ असते पण तरी आतलं माप दोन-एक एमएमने घटतं, म्हणून शंका असेल तर एक माप मोठी नळी घ्या. एसीवाल्याकडूनच वळवून पण मिळते, त्याला तुमची तार दाखवा. स्वतः करायचं असेल तर नळीच्या वळणाच्या भागाला गॅस टॉर्चने मंद लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या, तांबं मऊ पडतं, मग बाहेरून बेंडिंग स्प्रिंग चढवून गुडघ्यावर किंवा गोल लाकडावर हळूहळू, थोडं-थोडं करत वाकवा. एका झटक्यात वाकवलं की आतल्या बाजूला चेपतेच. मऊ झालेली नळी एकदा वळवली की परत कडक व्हायला लागते, दुसरं वळण द्यायचं असेल तर पुन्हा तापवा.

नळी कापल्यावर आतली धार कानसने किंवा रीमरने पूर्ण काढा. मग फ्लेअरिंग टूलने टोक पूर्ण फाकवायचं नाही, फक्त सुरुवात करून जेमतेम एक एमएमची ओठासारखी कड उमटवायची. ही कडच पाइप सटकू देत नाही, गुळगुळीत नळीवर नुसत्या क्लिपच्या जोरावर रबर टिकत नाही. ओठाची धार पॉलिश पेपरने घासून गोल करा, नाहीतर चढवताना रबर आतून सोलून निघतं. शेवटी नळी साबणाच्या पाण्याने आतून धुवा, वाळवा, फुंकर मारून बघा, तांब्याचा एक कणही आत राहता कामा नये. नळी बॅटरीच्या किंवा स्टार्टरच्या वायरजवळून जात असेल तर तिच्यावर रबरी स्लीव्ह चढवा. फिल्टर बॉक्सकडे जाणाऱ्या बाजूला नळी आणि निपलच्या मधे ४०-५० एमएम तरी मोकळं रबर ठेवा, इंजिनचं डोलणं तिथे जिरतं.

जोडणी

रबर कापायला नवं पातं घ्या आणि काटकोनात कापा. पीव्हीसी पाइप कापायची कात्री असेल तर एकदम सरळ कापलं जातं. हॅकसॉ नको, रबराचा भुसा आत राहतो. तोंडातून आत बघा, हवा मारा. निपल स्वच्छ पुसा, जुना चिकटलेला रबराचा थर नखाने किंवा लाकडी काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे काढू नका. पाइपच्या आत इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने फिरवा आणि थोडा गोल फिरवत निपलवर पूर्ण चढवा. सीलंट, गॅस्केट शेलॅक, टेफ्लॉन टेप, काही लावायचं नाही. सीलंटचा आत आलेला थेंब सुकून सुटतो आणि तो लहान पाइपात अडकला की पीसीव्हीची वाट बंद.

क्लिप पाइपच्या काठापासून ३-५ एमएम आत आणि निपलच्या फुगीर कड्याच्या मागे बसली पाहिजे, कड्यावर नाही. लहान पाइपला फ्युएल इंजेक्शनच्या गोल कडेच्या क्लिप घ्या, साध्या स्क्रू क्लिपच्या खाचांत रबर दाबलं जाऊन कापलं जातं. प्लॅस्टिकच्या निपलवर मला स्प्रिंगची क्लिप बरी वाटते, रबर बसलं तरी ती तसाच दाब धरून ठेवते आणि निपल फुटायची भीती नाही. स्क्रूवाली असेल तर रबर क्लिपच्या कडेने किंचित फुगेपर्यंतच आवळा.

गाडीत लावायच्या आधी आणि नंतर तपासणी

तयार जोडणी बाहेरच तपासा. पीसीव्ही व्हॉल्व्ह बाजूला काढून ठेवा. एक टोक बोल्ट आणि क्लिपने बंद करा, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप जोडा, बादलीत बुडवा आणि दोन-तीन हलके झटके द्या. बुडबुडे आले तर तो जोड परत करा. ही टेस्ट पाइपपुरती, इंजिनला जोडलेल्या अवस्थेत कधीही हवा भरू नका, ऑइल सील निघून येईल. लहान पाइपसाठी उलटी टेस्ट पण करा, एक टोक बंद ठेवून दुसरीकडून तोंडाने जोरात हवा ओढा. तुमच्या ओढण्याने जर चपटा होत असेल तर इंजिनपुढे तो टिकणार नाही.

गाडीत लावल्यावर सुरू करा आणि आयडलिंगला पूर्ण तापू द्या. शिट्टीसारखा आवाज, वर-खाली होणारी रेस म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत सेन्सरच्या पलीकडे गळती असेल तर इंजिनला न मोजलेली हवा मिळते आणि स्कॅनरवर पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड येऊ शकतो. लहान पाइप कापड गुंडाळून पकडीने हलका दाबा, रेस थोडी बदलली तर वाट चालू आहे. मग ऑइल भरायचं झाकण काढून तिथे पातळ प्लॅस्टिकची पिशवी सपाट धरा, बेल्टपासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवून. बऱ्याच गाड्यांत झाकण काढल्यावर आयडलिंग थोडं बिघडतं, ते चांगलंच लक्षण आहे. पिशवी हलकेच आत ओढली गेली तर सिस्टिम ठीक चालतेय. पिशवी सारखी फुगून वर उडत असेल तर एकतर वाट चोंदलेली आहे किंवा बॅक कॉम्प्रेशन एवढं वाढलंय की पाइप बदलून प्रश्न सुटणार नाही, मग कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि रिंगांचा खर्च आहे का ते खरंखुरं समजून घ्या.

पहिले दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवा आणि मग इंजिन गार असताना क्लिप एकदा बघा. नवं रबर गरम-गार होताना बसतं, स्क्रू क्लिपला अर्धा फेरा लागू शकतो. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसला बोटाने दाबून बघायचं, मऊ, फुगलेलं किंवा कडक वाटलं तर तो तुकडा बदलायचा. तुकड्यांत बनवल्याचा हा मोठा फायदा, तांब्याचं वळण तसंच राहतं, रबर फक्त बदलतं. म्हणून तारेचा तो साचा आणि मापांचा कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीतच ठेवून द्या.

टर्बो पेट्रोलमधे मॅनिफोल्डकडच्या पाइपात एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो, कारण टर्बो चढला की मॅनिफोल्डमधे व्हॅक्यूमऐवजी प्रेशर असतं आणि व्हॉल्व्ह नसेल किंवा उलटा बसला तर ते प्रेशर सरळ क्रँककेसमधे घुसतं. बाणाची दिशा फोटोवरून तपासूनच लावा आणि तिथे आर-९ सारखाच पाइप वापरा, क्लिपही दोन्ही टोकांना उत्तम प्रतीच्या. डिझेलमधे जुन्या अर्थाने मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो, ब्रीदर ऑइल सेपरेटरमधून टर्बोच्या आधीच्या डक्टला जातो, तिथे पाइप मोठ्या मापाचा आणि ऑइलचं प्रमाण जास्त, म्हणून सिलिकॉनचा मोह अजिबात नको. तो पाइप सुटला तर टर्बो उघड्या तोंडाने धूळ ओढेल, त्यामुळे टर्बोकडचा जोड पहिल्यांदाच बनवताय तर बसवल्यावर जाणत्या मिस्त्रीकडून एकदा डोळ्याखालून घालून घ्या.